सगळ्यात मोठा आवाज कोणाचा?

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा मोसम सुरू होतो आणि त्याच्याबरोबर एक जुना वाद दरवर्षी नव्याने डोके वर काढतो. सगळ्यात मोठा आवाज कोणत्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये होतो? लगेच याद्या निघतात, पहिले दहा, पहिले पंचवीस असे क्रमांक लागतात. कोणी १९९२ सालचा आकडा काढतो, कोणी २००७ सालचा. कोणी म्हणतो आमच्याकडे भूकंपमापकाची सुईसुद्धा हलली. माझी मुलगी आयोवा राज्यात राहते आणि नातू तिथल्याच विद्यापीठात शिकतो, त्यामुळे हा वाद आमच्या घरात जेवणाच्या टेबलापर्यंत आलेला आहे. त्या टेबलावर मला फारसे बोलू देत नाहीत, म्हणून इथे लिहिते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. मैदानावरचे वातावरण डेसिबलमध्ये मोजणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. तो विद्यापीठांच्या नावाने चालावा ही आणखी वाईट गोष्ट. आणि आता या अडाणीपणाचा त्रास खऱ्या माणसांना होऊ लागला आहे.

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हे फुटबॉल म्हणजे आपल्या कोल्हापुरात पेठापेठांतून खेळतात ते नव्हे. इथे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचे असते. एका बाजूला अकरा खेळाडू, चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू दुसऱ्याकडे. प्रत्येक प्रयत्नाच्या आधी सगळे क्षणभर थांबतात. क्वार्टरबॅक नावाचा म्होरक्या ओरडून इशारा देतो, आणि त्याच्या इशाऱ्याबरोबर सगळे एकदम सुटतात. एखादा आधी हलला तर संघाला पाच यार्ड मागे जावे लागते. आता हा इशाराच ऐकू आला नाही तर? सगळी गंमत इथे आहे. पाहुण्या संघाची चाल असली की यजमान प्रेक्षक बेंबीच्या देठापासून ओरडतात, म्हणजे त्या म्होरक्याचा आवाज त्याच्या शेजारच्या खेळाडूलाही ऐकू जाऊ नये. आपल्या संघाची चाल असली की तेच प्रेक्षक गप्प!

मला या खेळातले हे सर्वात जास्त आवडले. पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठात ध्वनिशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने स्वतःच्याच स्टेडियममध्ये आवाज मोजला होता. पाहुण्यांची चाल असताना तो ११० डेसिबलच्या आसपास गेला, आणि आपल्या संघाची चाल असताना ७५ च्या आसपास उतरला. लाखभर माणसे एका खुणेसरशी गप्प बसतात आणि पुन्हा एका खुणेसरशी पेटतात. मला विचाराल तर कौतुक करण्यासारखा आकडा ११० नाही आणि ७५ ही नाही, त्या दोहोंमधले अंतर आहे. पण कोणत्या यादीत हे अंतर मोजलेले तुम्ही पाहिले आहे? यादीवाल्यांना हवा असतो तो एक क्षण, एक शिखर, एक आकडा.

आता त्या आकड्यांकडेच जरा बघू. सिॲटलच्या हस्की स्टेडियममध्ये १९९२ साली नेब्रास्काविरुद्धच्या सामन्यात १३३.६ डेसिबल झाले असे सांगतात. ऑरेगॉनच्या ऑट्झन स्टेडियमचा २००७ सालचा आकडा १२७.२ सांगतात. लगेच निकाल लागला, हस्की मोठे! पण मीटर कुठे धरला होता? मैदानाच्या कडेला, पत्रकारांच्या खोलीत, की एखाद्या ओरडणाऱ्या गड्याच्या तोंडाशी? शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात असते तेवढेच सांगते. मोकळ्या जागेत आवाजाच्या लहानशा उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. वरच्या दोन आकड्यांतला फरक ६.४ आहे. म्हणजे एकाने मीटर दहा फुटांवर धरला आणि दुसऱ्याने वीस फुटांवर, एवढ्यानेही तो पडू शकतो. त्यात पुन्हा वर्षे वेगळी, यंत्रे वेगळी, मोजणारे वेगळे. आठवीच्या मुलाने प्रयोगवहीत असे लिहून आणले असते तर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी वही परत दिली असती.

बरे, समजा मीटर बरोबर धरला. तरी तो आवाज नक्की कोणाचा? ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियममध्ये १,०७,६०१ आसने आहेत, आपली तीन वानखेडे त्यात मावून वर जागा उरेल. १९२७ साली बांधलेले हे स्टेडियम जमिनीत खोदलेल्या पसरट परातीसारखे आहे. एवढी माणसे असूनही ते शांत म्हणून वर्षानुवर्षे हिणवले गेले, कारण आवाज वर आकाशात निघून जायचा. २०१० साली दोन्ही बाजूंना श्रीमंतांच्या कक्षांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आणि आवाज आत अडू लागला. माणसे तीच, गळे तेच, प्रेमही तेच. बदलल्या त्या भिंती. उलट ऑट्झनमध्ये जेमतेम चोपन्न हजार आसने, पण प्रेक्षक मैदानाला खेटून बसलेले, म्हणून दणदणाट. हस्कीमध्ये दोन्ही बाजूंच्या प्रेक्षागारांवर पत्र्यांची मोठी छपरे आहेत, ती आवाज खाली परत फेकतात. म्हणजे ज्याला आपण निष्ठेचा क्रमांक म्हणून मिरवतो तो निम्माशिम्मा गवंड्याचा आणि छपराचा क्रमांक आहे. न्हाणीघरात गाणाऱ्याचा गळा सगळ्यांनाच गोड वाटतो, त्यातला प्रकार.

आणि भूकंपाची गोष्ट? ती खरी आहे. ८ ऑक्टोबर १९८८ ला लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या टायगर स्टेडियममध्ये ऑबर्नविरुद्ध सामना होता. यजमान ०-६ ने मागे. दोन मिनिटेही उरली नव्हती, तेव्हा टॉमी हॉडसनने एडी फुलरकडे चेंडू फेकला, टचडाऊन झाले आणि यजमान ७-६ ने जिंकले. त्या क्षणी लोकांनी जे केले ते विद्यापीठातल्याच भूशास्त्र विभागाच्या भूकंपमापकावर उमटले. पण भूकंपमापक कानाने ऐकत नाही, तो जमिनीची थरथर टिपतो. तिथे नोंद झाली ती मुख्यतः पायांची, उड्यांची. शिवाय चार दशके होत आली तरी लोक ती रात्र सांगतात ती सुई किती हलली म्हणून सांगत नाहीत. अख्खा सामना एकही टचडाऊन मिळत नव्हते आणि शेवटी मिळाले, म्हणून सांगतात. सुई नसती तरी ती रात्र राहिलीच असती. नुसती सुई हलवायची म्हणून कोणी रोज उड्या मारल्या असत्या तर तिची आठवण कोणी काढली असती?

मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले. मराठी आणि इतिहास. व्हरांड्यातून चालताना बंद दाराआडचा गोंगाट ऐकून आत काय चालले आहे ते ओळखणे हे आमच्या धंद्यातले पहिले कौशल्य. गटागटाने काम करणाऱ्या वर्गाचा आवाज वेगळा असतो, शिक्षक नसलेल्या वर्गाचा वेगळा, आणि कोणा एकाला सगळे मिळून छळत असले तर त्याचा फारच वेगळा. तिन्ही आवाज मीटरवर सारखेच भरतील. व्हरांड्यात मीटर लावून वर्गांना क्रमांक दिले असते तर पहिला क्रमांक बहुधा त्याच वर्गाला गेला असता जिथे आम्हाला धावत जावे लागत असे. आवाज किती यापेक्षा तो कशाचा हे कळणे महत्त्वाचे, आणि ते कळायला कान लागतो.

"आजी, हे सगळे गमतीत चालते, तू एवढी गंभीर का होतेस?" असे नातू म्हणतो. गमतीत असते तर मीही हसून सोडून दिले असते. पण एकदा आकड्याला मान मिळाला की तो आकडा वाढवायच्या खटपटी सुरू होतात. परीक्षेच्या टक्क्यांचे आपण काय करून ठेवले ते आठवा!

आकडा वाढवायचा सोपा उपाय म्हणजे ध्वनिक्षेपक. आज या स्टेडियममध्ये दोन चालींच्या मधल्या प्रत्येक क्षणात भिंतींएवढे कर्णे ठोठो गाणी वाजवत असतात, आणि पडद्यावर "ओरडा!" अशी आज्ञा झळकते. लोक आज्ञेप्रमाणे ओरडतात. यात मरण कोणाचे होते? विद्यार्थ्यांच्या बँडचे. ओहायो स्टेटचा बँड १९३६ पासून मैदानावर चालत चालत राज्याचे नाव वळणदार अक्षरांत लिहितो, आणि शेवटी एक सूझाफोनवाला ठुमकत जाऊन त्यातल्या आय अक्षरावरचा टिंब बनतो. वर्षभर पहाटे उठून सराव करणारी ही अठरा-वीस वर्षांची पोरे. त्यांच्या वाट्याचे मधले क्षण कर्ण्याने खाल्ले. कर्ण्याशी गळ्याने आणि पितळी वाद्याने स्पर्धा करायची कशी?

कर्ण्याने वातावरण होते का, याचा प्रयोग २०२० साली जगाने करून पाहिलाच आहे. कोविडमुळे कित्येक स्टेडियम रिकामी होती किंवा तुरळक भरलेली होती, आणि तिथे ध्वनिमुद्रित गर्दीचा आवाज वाजवला गेला. आवाज होता. मीटर लावला असता तर काटा हललाही असता. ते सामने पाहून कोणाच्या अंगावर काटा आला असेल असे मात्र मला वाटत नाही.

दुसरा परिणाम बाजाराचा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची एक सुंदर प्रथा आहे. जानेवारी १९२२ मधल्या एका सामन्यात संघातले खेळाडू एकामागून एक जायबंदी होऊ लागले, तेव्हा ई. किंग गिल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांतून खाली आला, गणवेश चढवला आणि गरज पडली तर खेळायच्या तयारीने शेवटपर्यंत उभा राहिला. त्याला खेळावे लागलेच नाही. पण तेव्हापासून तिथले विद्यार्थी अख्खा सामना उभे राहून पाहतात. अकरा जणांना आमची गरज लागली तर आम्ही तयार आहोत, असा त्याचा अर्थ. म्हणून ते स्वतःला बारावा माणूस म्हणवतात. तीन-साडेतीन तास पायावर उभे राहण्याला किती डेसिबल द्यायचे? पण विद्यापीठाने १९९० मध्ये 'बारावा माणूस' या शब्दांचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क नोंदवला आणि २००६ मध्ये सिॲटलच्या व्यावसायिक संघावर त्यासाठी दावाही लावला, पुढे तडजोड झाली. निरपेक्षपणे उभा राहिलेला तो मुलगा, आणि त्याच्या उभे राहण्यावर मालकी सांगणारे वकील! यावर मी आणखी काही लिहीत नाही.

तिसरे नुकसान कानांचे, आणि इथे मी अधिकाराने बोलते. माझ्या दोन्ही कानांत आता यंत्र आहे. माझे कान वयाने गेले, पण ऐकू येईनासे होणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. बोलणे चालू असते, ओठ हलताना दिसतात आणि आपण उगीच हसून मान डोलावतो. अमेरिकेतल्याच कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा की ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करावे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करावी. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. ११० ला दीड मिनिटाच्या आसपास. सामना चालतो साडेतीन तास. कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी मोठ्या आवाजाने मरतात त्या माणसाला पुन्हा येत नाहीत. मांडीवरच्या तान्ह्या मुलांना आईबाप कानावर जाड टोप्या चढवतात हे मी पाहिले आहे, बरे वाटले. पण विक्रमासाठी ओरडा म्हणून ज्या वीस वर्षांच्या पोरांना चिथावले जाते, त्यांच्या कानावर कोण टोपी चढवणार?

आपल्याकडे पुण्यात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावर चौकाचौकांत आवाज मोजत उभे असतात. दुसऱ्या दिवशी आकडे वर्तमानपत्रात येतात ते आपल्याला लाज वाटावी म्हणून. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांतच आहे, आणि आपण तिच्या कितीतरी वर असतो. आपण सुधारलो असे मी मुळीच म्हणत नाही, भिंतीएवढे कर्णे लावणारी आपली मंडळेही मनातल्या मनात क्रमांकच लावत असतात. पण मोजणाऱ्याचा हेतू तरी शहाणपणाचा आहे. तिकडे विद्यापीठासारखी विद्यापीठे तोच आकडा पदकासारखा छातीवर लावतात, याचे मला नवल वाटते.

म्हणजे प्रेक्षकांनी देवळात बसल्यासारखे बसावे असे माझे म्हणणे आहे का? अजिबात नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार ही म्हण इथे लावू नका, ती लागू पडत नाही. आवाजाने पाहुण्या म्होरक्याची तारांबळ उडवणे हा खेळाचाच भाग आहे, आणि शिरस्त्राणातून प्रशिक्षकाला एका खेळाडूशी बोलू देणारा २०२४ चा नियम आला तरी तो संपलेला नाही, कारण उरलेल्या दहा जणांना सांगायचे तोंडानेच असते. आवाज जरूर करा. फक्त तो तुमचा असू द्या, वेळेवर असू द्या आणि थांबवता येण्यासारखा असू द्या. मिसिसिपी स्टेटचे लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन सामन्याला येतात. १९७४ मध्ये त्यांच्या स्पर्धा-मंडळाने अशा साधनांवर बंदी घातली. लोकांनी घंटा लपवून आणल्या. शेवटी २०१० मध्ये तोडगा निघाला की घंटा आणा, पण ठरलेल्या वेळीच वाजवा, चाल सुरू होताना थांबवा. आणि हजारो माणसे हातातली घंटा वेळेवर थांबवायला शिकली. कोणत्याही यादीतल्या पहिल्या क्रमांकापेक्षा मला हे मोठे वाटते. शाळेतली घंटासुद्धा वेळेवर वाजते म्हणूनच तिला अर्थ असतो.

नेब्रास्काचे प्रेक्षक सामना संपल्यावर पाहुण्या संघाला टाळ्या वाजवून निरोप देतात, हरवून गेला असला तरी. सैन्य आणि नौदल यांच्या अकादमींचा सामना १८९० पासून चालत आला आहे. तो संपला की दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या विद्यार्थ्यांपुढे जाऊन उभे राहतात आणि त्यांचे विद्यालयगीत होते, मग जिंकलेल्यांचे. काही क्षणांपूर्वी एकमेकांना आडवे पाडणारे खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या गीतासाठी स्तब्ध उभे असतात. यांना यादीत कोणता क्रमांक द्याल?

आणि आता नातवाच्याच स्टेडियमचे सांगते, कारण तोच सगळ्यात जास्त भांडतो. आयोवाच्या किनिक स्टेडियमला लागून विद्यापीठाचे मुलांचे रुग्णालय उभे आहे. त्याच्या बाराव्या मजल्यावरून मैदान दिसते. २०१७ साली एका चाहतीने सुचवले की पहिला चतुर्थांश संपला की सगळ्यांनी वळून त्या खिडक्यांकडे हात हलवावेत. तेव्हापासून प्रत्येक घरच्या सामन्यात हे होते. मी दोनदा पाहिले. सत्तर हजारांच्या आसपास माणसे पाठ फिरवून उभी राहतात, खेळाडू, पंच, पाहुण्या संघाचे लोकसुद्धा, आणि वर काचेआड सलाइनच्या नळ्या लावलेली मुले हात हलवताना दिसतात. त्या वेळी ओरडा म्हणून पडद्यावर आज्ञा येत नाही. माझ्या शेजारचा एक धिप्पाड माणूस, जो मघापासून पंचांना शिव्या घालत होता, टोपी काढून हलवत होता. आवाजाच्या यादीत हा क्षण अगदी तळाला येईल.

माझ्या नातवाला आणि त्याच्या मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. तुम्ही विद्यापीठात शिकता, मोजायला शिकता, तेव्हा मोजण्याआधी काय मोजतो आहोत हे विचारायलाही शिका. पुढच्या वेळी कोणी आमचे स्टेडियम सगळ्यात मोठ्या आवाजाचे म्हणाला तर त्याला तीन गोष्टी विचारा. कर्णे बंद केले तर किती उरतो? आपल्या संघाच्या चालीच्या वेळी तुम्ही गप्प राहता का? आणि हरून परत जाणाऱ्या पाहुण्याला तुमच्या दारातून बाहेर पडताना काय ऐकू येते? या तिन्हींची नीट उत्तरे ज्याच्याकडे असतील त्याच्या स्टेडियममध्ये मला तिकीट काढून ने. पायऱ्या फार नसल्या तर बरे.